भोपळे, सांगाडा आणि उंबरठा

पत्र थोडक्यात

न्यू जर्सीच्या मध्य भागातल्या एका कॉलनीतून एका वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे. वय चाळिशीच्या आसपास, नवरा-बायको दोघंही नोकरीत, मुलगा नऊ वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी स्वतःचं घर झालं. सप्टेंबर उजाडला की आजूबाजूच्या घरांच्या पायऱ्यांवर भोपळे आणि मम्स नावाच्या फुलांच्या कुंड्या येतात, खांबांना मक्याच्या धाटांच्या पेंढ्या बांधल्या जातात, दारावर पानांची गोल रीथ लागते. "आमचंच घर तेवढं बोडकं दिसतं," त्या लिहितात. गेल्या वर्षी पावणेचारशे डॉलर खर्चून त्यांनी हे सगळं आणलं. मम्स दहा दिवसांत करपल्या. काही भोपळे खारींनी कुरतडले, उरलेले पायरीवरच सडले. नवरा म्हणाला, पैसे पाण्यात. यंदा सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांचं म्हणणं, खायची वस्तू दारात सडवायची हा कसला शौक? आणि मुलाला हॅलोविनच्या भुताखेतांच्या सजावटीसाठी हवा असलेला सांगाडा तर दिवाळीच्या तोंडावर दारात नकोच. भरीस भर म्हणून शेजारीण म्हणाली, घराचा दर्शनी भाग नीट ठेवला नाही की घराची किंमत पडते. प्रश्न असा: हा खर्च करावा का, केला तर किती, आणि घरातली तीन तोंडं तीन दिशांना असताना नेमकं करावं काय?

---

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मला पहिल्यांदा विचारावंसं वाटलं ते हे, की तुम्ही तुमच्या घरात शिरता कुठून?

माझा अंदाज, गराजमधून. मी स्वतः शिकागोजवळच्या एका उपनगरात सहा वर्षं काढली आहेत. गाडीतूनच बटण दाबायचं, गराजचं दार वर जाणार, गाडी आत, आणि तिथून थेट स्वयंपाकघरात. पुढचं दार उघडायचं ते पार्सल आलं तर, नाहीतर पाहुणे आले तर. म्हणजे शेजाऱ्यांची घरं आपण रोज समोरून बघतो आणि आपलं मात्र कधीच बघत नाही. पत्रात तुम्ही शेजारच्या पायऱ्यांवर काय काय आहे याची मोठी यादी दिली आहे. स्वतःच्या दाराचा रंग कोणता, दारावर सावली असते की ऊन, पायऱ्या दोन की पाच, यातलं काहीच लिहिलेलं नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी एक करा. एखाद्या संध्याकाळी सहाच्या सुमारास चहाचा कप घेऊन रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहा आणि दोन मिनिटं नुसतं घराकडे बघा. मी पहिल्यांदा असं बघितलं तेव्हा मला काय दिसलं सांगते. उत्तरेकडच्या सायडिंगवर, म्हणजे बाहेरच्या भिंतीच्या पट्ट्यांच्या आवरणावर, हिरवट शेवाळ. नळीचं वेटोळं अर्धं सुटून हिरवळीवर पडलेलं. दारावरच्या दोनपैकी एक दिवा गेलेला. आणि घराच्या नंबरातला मधला आकडा खालचा खिळा निघाल्यामुळे आडवा लोंबत होता, बहुधा वर्षभर. डिलिव्हरीवाले आम्हाला का शोधत बसायचे ते त्या दिवशी कळलं! एवढ्यावर मी पाच भोपळे मांडले असते तर भोपळ्यांसकट ते बोडकंच दिसलं असतं.

ही कामं जवळजवळ फुकटात होतात आणि सजावटीआधीच घर सजल्यासारखं दिसायला लागतं. एक शनिवार त्यासाठी द्या. सायडिंग मऊ ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने धुवा. पन्हळीतली पानं काढा, नाहीतर पावसाचं पाणी भिंतीवरून ओघळून डाग पाडतं. पायवाटेवरची पानं रोज झाडा. ओल्या पानांवरून पाय सटकतो, आणि घरात वयस्कर माणूस असताना तो धोका घेऊ नका. झाडाखालची, वाफ्यातली पानं मात्र राहू द्या. मातीला थंडीत पांघरूण होतं.

आता शेजारणीच्या किमतीच्या मुद्द्याकडे येते. तिचं निम्मं खरं आहे. घर विकायला काढलं असेल तर रस्त्यावरून पडणारी पहिली नजर फार महत्त्वाची. पण त्या नजरेला छताची आणि पन्हळीची अवस्था दिसते, दाराचा रंग दिसतो, कापलेली हिरवळ दिसते. भोपळे बघून कुणी जास्त पैसे मोजत नाही. उलट घर विकणाऱ्यांनी तर फोटोत भोपळे येऊच देऊ नयेत. घर विकायला जानेवारी उजाडला आणि फोटोत पायरीवर भोपळे दिसले, तर घेणाऱ्याला लगेच कळतं की हे घर ऑक्टोबरपासून पडून आहे, आणि तो भाव पाडून मागतो. ज्यांना या दिवसांत खरंच घर विकायचं आहे त्यांनी पुढचं दार रंगवावं. एका डब्यात काम होतं. फक्त थंडी पडायच्या आत उरका, कारण बाहेरचे बरेचसे रंग साधारण १० अंश सेल्सियसच्या खाली नीट धरत नाहीत. डब्यावर वाचून घ्या.

तुम्हाला घर विकायचं नाही. मग किमतीची काळजी बाजूला ठेवली तर उरतं काय? मला वाटतं, उरतं ते 'आपण या रस्त्यावरचे वाटत नाही' हे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ते पावणेचारशे डॉलरला कुठल्या दुकानात मिळत नाही. आणि खरं सांगू का, या ऋतूत दार कसं सजवायचं हे तुम्हाला कॉलनीतल्या कुणापेक्षाही कमी येतं असं मला वाटतच नाही.

मम्स म्हणजे काय ते बघा. क्रिसँथेममचं हे लाडाचं नाव. आपल्या वेणीतल्या, हारातल्या शेवंतीच्याच कुळातलं हे झाड. तुमच्या सासूबाईंना ती कुंडी नीट दाखवा, त्या नावासकट ओळखतील. गेल्या वर्षी ती दहा दिवसांत का करपली त्याचा माझा अंदाज असा. तुम्ही भरगच्च फुललेली कुंडी उचललीत. सगळेच तेच करतात, कारण दुकानात तीच सुंदर दिसते. पण पूर्ण फुललेल्या कुंडीचे बरेचसे दिवस दुकानातच संपलेले असतात. घ्यायची ती कळ्यांनी भरलेली, जेमतेम चार-दोन फुलं उमललेली आणि रंग कळण्यापुरता दिसणारी. घरी आणून कुंडीतून अलगद उपसून बघा. आत मातीपेक्षा मुळंच जास्त, चटईसारखी विणलेली. अशा कुंडीत पाणी टिकतच नाही, वरून ओतलेलं कडेने निथळून जातं. तिला एक आकार मोठ्या कुंडीत हलवा. तेवढं जमत नसेल तर कुंडी हलकी लागली की वीस मिनिटं पाण्याच्या बादलीत ठेवा, खालून पाणी पिऊ दे. पाणी फुलांवर नको, बुंध्याशी घाला. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवं. एवढं केलंत तर तीच शेवंती महिना-दीड महिना फुललेली राहील. हलक्या दहिवरालाही, म्हणजे गोठलेल्या दवालाही, ती सहसा दाद देत नाही.

आणखी एक बारकावा, जो मला फार उशिरा कळला. शेवंती रात्र मोठी व्हायला लागली की फुलते. दारावरचा दिवा रात्रभर तिच्या डोक्यावर जळत राहिला तर कळ्या उमलायला उशीर लागतो. कुंडी दिव्याच्या थेट खाली ठेवू नका, किंवा झोपताना दिवा बंद करा.

झेंडूचीही हौस असेल तर करा. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा आणि लाल भोपळाही अमेरिका खंडातलाच. आपल्या दसऱ्याच्या तोरणातल्या झेंडूचं माहेर तुमच्याच बाजूला आहे, हे सासूबाईंना जरूर सांगा. फक्त पहिलं कडक दहिवर पडलं की झेंडू एका रात्रीत काळा पडतो. तुमच्या भागात ते बहुधा ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. तेव्हा झेंडूची फुलं आधीच खुडून ठेवा आणि कुंडीत पुढे शोभेचा कोबी लावा. थंडी वाढेल तसा त्याचा जांभळा रंग खुलत जातो.

आता भोपळे. सासूबाईंचं म्हणणं मला पटतं, अगदी मनापासून. पण त्यांच्या म्हणण्यात 'सडवायचे' हा शब्द महत्त्वाचा आहे. न कोरलेला भोपळा थंड, कोरड्या, सावलीतल्या जागी दोन महिने सहज टिकतो. कोरलेला आठवडाभरही कठीण. तुमचे कशामुळे सडले असतील? ओल्या काँक्रीटवर ठेवले असतील, भर उन्हात असतील, किंवा उचलताना देठ मोडला असेल. भोपळा कधीही देठाला धरून उचलू नका. देठ निघाला की तिथूनच कुजायला सुरुवात होते. खाली फळीचा तुकडा किंवा काडाची चकती ठेवा. खारींना मात्र काहीही करा, त्या येणारच. मी मिरपूड लावून पाहिली, पाऊस आला आणि खारी परत आल्या. दोन भोपळे दाराशी ठेवावेत आणि एक खारींचा म्हणून झाडाखाली सोडून द्यावा, एवढाच तह मला साधला.

घेताना दोन जाती वेगळ्या ओळखा. कोरण्यासाठी विकतात ते अवाढव्य भोपळे पाणचट आणि रेषाळ असतात. शुगर पंपकिन किंवा पाय पंपकिन म्हणून मिळतो तो छोटा, घट्ट आणि गोड. पायरीवर छोटेच घ्या. दिसतात छान, आणि टणक राहिले, गोठले नाहीत, तर नंतर पोटात जातात. टोपलीत मिळणारे चट्ट्यापट्ट्यांचे, गाठाळ भोपळे मात्र निव्वळ शोभेचे. कडू दुधीत जे विषारी कडू द्रव्य असतं, तेच त्यातही असू शकतं. ते स्वयंपाकघरात आणूच नका.

मक्याच्या धाटांच्या पेंढ्या बघून तुम्हाला काय आठवलं? मला कोकण आठवलं. दसऱ्याच्या सुमारास भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं एकत्र बांधून दारावर 'नवं' लावतात ते. शेतात पीक तयार झालं, त्यातलं थोडं दाराला. तुमच्या शेजाऱ्यांच्या खांबांवर तेच आहे, फक्त भाताऐवजी मका. सासूबाई कुठल्या गावच्या ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण त्यांनी आयुष्यभर रोज सकाळी अंगणात सडा घातला असेल, रांगोळी काढली असेल, आणि आता त्या अशा घरात आहेत जिथे पुढचं दार कुणी उघडतच नाही. भोपळ्यावरची कुरकुर कदाचित भोपळ्याची नसेलही. मी तुमच्या जागी असते तर दाराची चौकट आणि उंबरठा त्यांच्याकडे सोपवला असता. पूर्णपणे. रंग कोणते, तोरण कसलं, सगळं त्यांनी ठरवायचं. तुमची कुरबूर निदान निम्मी कमी होईल असा माझा अंदाज आहे. उरलेली निम्मी सगळ्याच घरांत असते.

काँक्रीटवर थेट रांगोळी काढली तर दोन अडचणी. पाऊस, आणि ओल्या रंगांचे डाग. प्लायवूडचा दोन-अडीच फुटी चौकोन घ्या, त्याला बाहेरचा गेरूच्या छटेचा रंग द्या. अंगणासारखंच दिसतं. पाऊस आला की उचलून आत. सासूबाईंना वाकवत नसेल तर टेबलावर ठेवून काढता येते, मग बाहेर मांडायची.

राहिला सांगाडा. इथे मी कुणाचीच बाजू घेणार नाही, पण दोन्ही बाजूंना एकेक गोष्ट सांगते. सासूबाईंना सांगा की भोपळ्यात भेसूर चेहरा कोरण्याची रीत आयर्लंडकडून आली. तिकडे सलगम कोरायचे, अमेरिकेत आल्यावर भोपळा हाताशी लागला. भुताखेतांना दारापासून लांब ठेवायचं हा त्यामागचा हेतू म्हणतात. बांधकाम चालू असलेल्या घरावर आपण लावतो तो राक्षसाचा मुखवटा, दारावर टांगलेला कोहळा किंवा लिंबू-मिरची, यांना हे परकं वाटणार नाही. आणि मुलाला सांगा की सांगाडा मिळेल, पण उंबरठ्यावर नाही. तो हिरवळीवर, झाडाला टेकून बसेल. तो कधी येणार आणि कधी जाणार, हेही आधीच ठरेल.

यंदाचं, २०२६चं, कॅलेंडर त्यासाठी सोयीचं आहे. अधिक महिन्यामुळे दिवाळी पुढे गेली आहे. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला शनिवारी, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला रविवारी. मध्ये अख्खा आठवडा. (२०२४ मध्ये दोन्ही जवळजवळ एकमेकांवर आले होते. दारावर तोरण, समोर चॉकलेटं मागणारी भुतं, आणि आत पूजा, असं अनेक घरांत झालं.) तेव्हा सांगाडा हॅलोविनच्या आदल्या सोमवारी बाहेर, १ नोव्हेंबरला सकाळी खोक्यात. त्याच दिवशी घड्याळं एक तास मागे जातात आणि संध्याकाळी पाचच्या आतच सूर्य मावळायला लागतो. बहुतेक घरं तिथून पुढे अंधारीच दिसतात. नेमका तेव्हा तुमच्या दारात आकाशकंदील लागलेला असेल. कॉलनीतलं बोडकं घर कोणतं, हे त्या आठवड्यात पुन्हा एकदा पलीकडे उभं राहून बघा.

कंदील कापडी घ्या, कागदी तिथल्या पावसात एक रात्र टिकायचा नाही. आतला दिवा पिवळसर उजेडाचा, एलईडी. वायर बाहेर वापरायचीच हवी, घरातली नको. आणि पणत्या लावायच्या दिवशी मक्याची धाटं, काडाचे गठ्ठे दारापासून लांब हलवा. वाळकं काड आणि वारा असताना उघडी ज्योत नको. सायडिंगला खिळे मारण्याआधी एचओएची, म्हणजे कॉलनीतल्या घरमालकांच्या संघटनेची, नियमपुस्तिका काढा. किती दिवस आधी सजावट लावता येते आणि नंतर कधीपर्यंत काढायची हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. कंदिलाबद्दल काही नसेल तर एक साधी ईमेल पाठवून लेखी उत्तर घेऊन ठेवा. परवानगी नाकारली जाईल या भीतीने न विचारता लावणारे आणि मग दंडाची चिठ्ठी आल्यावर वर्षभर चिडून राहणारे, दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत.

नवरोबांच्या पैशांच्या मुद्द्यावर माझं मत त्यांच्या बाजूने झुकतं. गेल्या वर्षीच्या पावतीवर नजर टाका. प्लास्टिकची पानं, 'वेलकम फॉल' लिहिलेली पाटी, कापडी बुजगावणं, बरचसं तिकडे गेलं असेल. ते काही आणू नका. शेवंतीच्या दोन कुंड्या, तीन छोटे भोपळे, एक धाटांची पेंढी, बस्स. रीथ हवीच असेल तर मुलाबरोबर एका रविवारी वाळक्या फांद्या, ओकची पानं, पाइनची फळं गोळा करा आणि तारेच्या कड्यावर बांधा. वाकडी होईल. होऊ द्या. वाचलेल्या पैशातून मात्र डॅफोडिलचे कंद घ्या आणि जमीन गोठायच्या आत वाफ्यात पुरून टाका. हरणं त्यांना तोंड लावत नाहीत, आणि वसंतात शेजाऱ्यांच्या आधी तुमचं अंगण पिवळं होईल.

हे सगळं न्यू जर्सीच्या हिशेबाने लिहिलं. मिनेसोटा किंवा टोरांटोच्या वाचकांनी दहिवराच्या तारखा दोन-तीन आठवडे आधी धराव्यात. डॅलस-ह्यूस्टनकडच्यांनी सप्टेंबरमध्ये भोपळे आणूच नयेत. तिथल्या उन्हात ते बाहेर भाजतात, तेही सावकाश. ऑक्टोबर अर्धा सरू द्या.

थँक्सगिव्हिंग यंदा २६ नोव्हेंबरला आहे. न कोरलेले भोपळे तोपर्यंत पायरीवर चालतात, कुणी नाव ठेवत नाही. मात्र कडाक्याची थंडी आधीच येणार असं दिसलं तर ते त्याआधी आत घ्या. धुऊन बोटाने दाबून बघा, टणक असेल तो सासूबाईंच्या ओट्यावर. घारगे करायला सांगा. तिथला भोपळा आपल्या डांगरापेक्षा पाणी जास्त सोडतो, म्हणून कीस गुळात नेहमीपेक्षा जास्त वेळ आटवावा लागेल. गार झाल्यावर त्यात मावेल तेवढीच कणीक, चमचाभर तांदळाची पिठी आणि कडकडीत तेलाचं मोहन. वरून पाणी अजिबात घालायचं नाही.